जुन्या सायकलला पायडल मारताना येणारी कट-कट: आधी काय बघायचं आणि कुठे हात थांबवायचा

ही एकच तक्रार मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा हाताळलीय की आता सायकल लांबून येताना ऐकली तरी अंदाज येतो. माझ्या स्वतःच्या तीन जुन्या सायकली, मग सोसायटीतल्या एकांची वडिलांची रॅले, कळव्याच्या मित्राची हंबर, ऐरोलीच्या एकाने गावाहून टेम्पोत घालून आणलेली हर्क्युलस, सगळ्यांना हाच आजार. दरवेळी वेगळ्या जागी निघाला आणि दरवेळी मालकाने आधी सगळ्यात महागाची जागा उघडलेली होती. म्हणून क्रमाने लिहितोय.

लक्षणं

सपाट रस्त्यावर हळू चालवली की सायकल गप्प असते. कोपरी पुलाचा चढ आला, किंवा सिग्नल सुटल्यावर जोर लावला, की कट्. क्रँकच्या (पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या) एका पूर्ण फेरीत एकदा, क्वचित दोनदा, आणि दरवेळी पाय त्याच जागी असताना. जोर काढला की आवाज बंद.

दुसरं लक्षण कानाला नाही तर पायाला कळतं. पाय वरून खाली येताना मध्येच किंचित सुटतो, अंधारात जिन्याची पायरी चुकल्यासारखा, आणि लगेच परत पकड लागते. हे जाणवलं तर पुढचं सगळं वाचण्याआधी सायकल चालवणं थांबवा, कारण रोज थोडं थोडं लोखंड चेचलं जातंय.

तिसरं, सायकल स्टँडवर लावून बाजूने बघितली तर दोन क्रँक एका सरळ रेषेत दिसत नाहीत, एक जरा मागे राहिलाय असं वाटतं.

आणि चौथं, ज्याच्यामुळे लोक वैतागतात. दुकानात नेली, त्यांनी ठोकून दिली, आठवडाभर छान चालली, परत सुरू. परत नेली, परत ठोकली, परत सुरू.

आता हे नाही ते कसं ओळखायचं. पायडल मारायचं थांबवून सायकल नुसती सोडून द्या. आवाज तरीही येत असेल तर तो चाकातला, हबमधला नाहीतर मडगार्डचा, ही पोस्ट त्याच्यासाठी नाही. आवाज पायडलच्या एका फेरीत दोन-अडीच वेळा येतोय तर तोही चाकाच्या हिशोबाने येतोय, कारण पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील तर क्रँकच्या एका फेरीत मागचं चाक साधारण २.४ वेळा फिरतं. उलट दोन-अडीच फेऱ्यांतून एकदाच येत असेल तर चेनची एखादी कडी आखडलीय, कारण पूर्ण चेन फिरून यायला तेवढ्याच फेऱ्या लागतात. नुसतं मोजलंत तरी निम्मं काम होतं, आणि मोजायला पैसे पडत नाहीत. मी रात्री अकरानंतर गल्लीत फिरवून मोजतो, दिवसा ठाण्यात स्वतःच्या सायकलचा आवाज ऐकू येणं अवघड आहे.

फुकटातल्या गोष्टी आधी

चेनकव्हर. आपल्याकडच्या रोडस्टरला पूर्ण बंद चेनकव्हर असतं आणि पन्नास वर्षांत ते कुठे ना कुठे चेपलेलं असतंच. क्रँक फिरताना एका जागी त्याला घासतो आणि एका फेरीत एकदा टक् करतो. हाताने उलट बाजूने दाबून सरळ होतं. घासल्याची चकचकीत रेघ शोधा, तीच पुरावा.

सीट. उभं राहून पायडल मारा, आवाज गेला तर तो सीटच्या स्प्रिंगचा किंवा खालच्या क्लॅम्पचा आहे. जुन्या ब्रुक्सच्या मोठ्या स्प्रिंगवाल्या सीटचा आवाज फ्रेममधून असा उतरतो की शपथेवर सांगाल खालूनच येतोय. नट आवळा, सांध्यात तेलाचा एक थेंब टाका.

स्टँडचा बोल्ट, कॅरियरचे नट, मडगार्डच्या काड्या, हे सगळं हाताने हलवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग पायडल

पायडलबद्दल मी जरा आग्रही आहे. माझ्या पहिल्या सायकलचे, भंगारवाल्याकडून घेतलेली बीएसए होती, मी खालचे, म्हणजे दोन क्रँकच्या मधल्या डब्यातले छर्रे तीनदा बदलले. तीनदा सगळं खोलून, रॉकेलने धुऊन, नवीन ग्रीस भरून बसवलं आणि चौथ्या दिवशी कट. शेवटी दोष डाव्या पायडलच्या आत निघाला, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) सैल झालेला. दोन रविवार आणि एक चांगला कप (छर्रे ज्यात फिरतात ती वाटी) मी त्यात घालवला, तो कप काढताना त्याच्या खाचा मीच खराब केल्या. तेव्हापासून पायडल आधी.

पायडल हातात धरून वर-खाली हलवा, आत खुळखुळ आहे का. रबरी ठोकळ्यांचे लांब बोल्ट सैल आहेत का बघा, जुन्या पायडलमध्ये ते हमखास सैल असतात. मग पान्याने दोन्ही पायडल क्रँकमध्ये घट्ट आहेत का ते तपासा. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे पक्कं लक्षात ठेवा, म्हणजे डावं पायडल घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. कितीतरी डाव्या क्रँकचे आटे या एका चुकीत गेलेले मी पाहिलेत, घट्ट करायला गेले आणि सैल केलं, किंवा जोर लावून उजवं पायडलच डावीकडे घुसवलं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुसऱ्या कुठल्याही चालू सायकलचं पायडल काढून इथे लावा. या सगळ्या सायकलींत माप एकच, ९/१६ इंच आणि इंचाला २० आटे, त्यामुळे इंग्लिश रॅलेचं पायडल लुधियानाच्या सायकलला बसतं. आवाज गेला तर तुमचं काम झालं. बसवताना आट्यांना ग्रीस लावाच, कोरडे आटे स्वतःच कुरकुर करतात आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत दोन पावसाळ्यांत असे गंजून धरतात की मग क्रँकला आंच द्यावी लागते.

चेन लगोलग बघून टाका. मागे उलटी फिरवत एकेक कडी बोटांनी वाकवा, आखडलेली कळते, तिला तेल देऊन आडवी-आडवी हलवली की सुटते. आणि पट्टी लावा: नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला, १/८ जास्त असेल तर मागच्या फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चेनव्हीलचे दातही झिजलेले असणार.

खरा संशयित: कॉटर पिन

आत्तापर्यंत काही सापडलं नसेल तर दहातले सात-आठ वेळा इथे सापडतं, निदान माझा अनुभव तसा आहे.

ज्यांनी फक्त नव्या सायकली पाहिल्यात त्यांच्यासाठी: जुन्या सायकलला क्रँक ॲक्सलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) एका तिरप्या पिनेने धरलेला असतो. पिनेच्या एका बाजूला उतरता सपाट तासलेला भाग असतो, ॲक्सलवर तशीच सपाट खाच असते, पिन क्रँकच्या भोकातून पाचरीसारखी आत शिरते आणि दोन्ही सपाट बाजू एकमेकींवर घट्ट बसतात. बारीक टोकाला आटे, वायसर आणि नट. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात ना, तेच तत्त्व.

परीक्षा अशी. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा, सायकलच्या बाजूला उभं राहून दोन्ही पायडलवर दोन्ही हातांनी अंगाचा भार द्या. मग क्रँक अर्धी फेरी फिरवून, म्हणजे पुढचा मागे आणि मागचा पुढे करून, परत तसाच भार द्या. एखादा क्रँक किंचित खचला किंवा टक् झालं तर तीच पिन सैल. दुसऱ्याला क्रँक आणि ॲक्सलच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा, बोटाला लगेच कळतं. जुनी सायकल विकत घ्यायला जाल, चोरबाजारात असो की भंगारच्या गोडाऊनमध्ये, तेव्हा भाव करण्याआधी ही परीक्षा करा. रंग उडालेला परवडतो, चेचलेला ॲक्सल शोधत फिरणं परवडत नाही.

आता ही पिन परत परत सैल का होते, हा या सगळ्यातला माझा मुख्य मुद्दा. कारण बहुतेक लोक, आणि दुकानातली बहुतेक पोरंसुद्धा, नट आवळून पिन आत ओढायला बघतात. नट ओढण्यासाठी नाहीच आहे. पिन दाबून किंवा ठोकून पूर्ण आत बसवायची आणि नट फक्त ती मागे सरकू नये म्हणून लावायचा. पिनेचे आटे बारीक आणि लोखंड मऊ असतं, नटाने ओढायला गेलात तर आटे ताणले जातात, हाताला घट्ट लागतं, पण पाचर आत अर्धवटच बसलेली असते. मग चार दिवस पायडल मारल्यावर ती स्वतःहून थोडी आत सरकते, नट मोकळा पडतो आणि कट-कट सुरू. दुकानातून आणल्यावर आठवडाभर बरी राहते ती ह्याच्यामुळे.

दुसरं कारण, नवी पिन पाकिटातून काढून तशीच घुसवणं. बाजारातल्या पिनेचा सपाट भाग तुमच्या ॲक्सलच्या खाचेला हुबेहूब बसेल असं अजिबात नाही, टेकते फक्त एका कडेवर, आणि ती कड लवकरच चेचली जाते.

पिन घेताना जाडी बघा. रॅले आणि बहुतेक इंग्लिश सायकलींना ९.५ मिलिमीटरची लागते, युरोपातल्या बऱ्याच सायकलींना ९ ची. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ९ ची पिन ९.५ च्या भोकात कधीच धरणार नाही. व्हर्नियर नसेल तर जुनी पिन खिशात घालून दुकानात जा, जांभळी नाक्याकडच्या जुन्या दुकानांत अजून डब्यात हात घालून जोडी काढून देतात, किंमत दोन वडापावांच्या आसपास. दोन जोड्या घ्या, एखादी खराब होतेच.

काढणं

आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सुटायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. पावसाळ्यानंतरच्या सायकलीला मी दोन रात्री देतो.

नट पूर्ण काढू नका. तो पिनेच्या टोकाच्या पातळीला येईपर्यंतच सैल करा, म्हणजे हातोडीचा घाव आट्यांवर न पडता नट आणि टोक दोघांवर पडेल. पिन सुटली की मग नट काढायचा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: क्रँकला खालून आधार द्या. जाड लोखंडी पाईपचा तुकडा, पिनेचं जाड डोकं आत मावेल एवढं त्याचं तोंड रुंद, जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर पुरेल एवढी त्याची लांबी. पाईप सिमेंटच्या जमिनीवर उभा, त्याच्यावर क्रँक टेकलेला, सायकलचं वजन त्या पाईपवर. मग घाव पिनेलाच लागतो. आधाराशिवाय ठोकलंत तर प्रत्येक घाव ॲक्सलमधून खाली छर्ऱ्यांवर जातो, छर्रे कपात खड्डे पाडतात, आणि मग जो खरखर आवाज सुरू होतो तो पिन बदलून जात नाही. मला दुरुस्तीला आलेल्या सायकलींत छर्ऱ्यांचा जो काही त्रास निघाला त्यातला बराचसा अशाच ठोकण्याने झालेला होता, वयाने नव्हे.

घाव एकच, पण जोरात, जड हातोडीने. हलक्या हातोडीने वीस वेळा टकटक केलं की पिनेचं टोक फुलतं आणि मग ती भोकातून निघतच नाही. लोक घाबरून हळू मारतात आणि तिथेच फसतात. याहून चांगला मार्ग म्हणजे दाबून काढणं: मजबूत सी-क्लॅम्प किंवा बेंच वाईस, एका जबड्यात पिनेचं आट्याचं टोक, दुसऱ्या जबड्यात डोक्याच्या बाजूला गोटी पान्याची रिकामी गोटी म्हणजे पिनेला बाहेर यायला जागा मिळते. आवळत गेलं की एकदम मोठा कडाक आवाज येतो, दचकू नका, पिन सुटल्याचा तो आवाज आहे. मला आता हातोडीपेक्षा हाच प्रकार आवडतो, शेजाऱ्यांची दुपारची झोपही मोडत नाही.

चार जोरदार घावांत किंवा क्लॅम्प पूर्ण आवळूनही पिन हलली नाही, किंवा आट्याचं टोक वाकलं, तर तिथेच थांबा. टोक कापून, मधोमध ड्रिल मारून काढावी लागते आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर क्रँकचं भोक कायमचं बिघडतं. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारे आहेत, क्रँक आणि ॲक्सल एकत्र त्यांच्याकडे न्या, खांबाच्या ड्रिलवर दहा मिनिटांचं काम आहे. आंच देऊन सोडवायचा मोह आवरा, क्रोम निळं पडतं आणि ते पुसून जात नाही.

बसवणं

पिनेच्या सपाट भागावर काळ्या मार्करने रंग द्या. भोकात घाला, हाताने दाबा, हलकेच ठोका, परत काढा. रंग जिथे पुसला गेला तिथेच ती टेकतेय. कानशीने तेवढंच घासा, कोन न बदलता, आणि परत रंग देऊन परत बघा. सपाट भागाचा बहुतेक रंग सारखा पुसला जाईपर्यंत हे चालू. मला एका पिनेला साधारण वीस मिनिटं लागतात, पहिल्या वेळी तासभर लागेल, लागू द्या. आवाज परत न येण्यासाठी दुसरं काहीही केलं नाहीत तरी चालेल, पण हे करा.

दोन्ही पिना सारख्याच घासा, नाहीतर एक जास्त आत जाईल आणि क्रँक रेषेत राहणार नाहीत. पिना उलटसुलट दिशेने घालायच्या असतात: सायकल स्थिर धरली तर एका क्रँकचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली दिसला पाहिजे. दोन्ही नट वर दिसले तर क्रँकचा कोन बिघडणार, लक्षणांत तिसरं सांगितलं ते बऱ्याचदा एवढ्यावरूनच असतं.

पिनेला बारीकसा ग्रीसचा हात लावा. कोरडीच घालावी असं मानणारेही अनुभवी लोक आहेत, पण मुंबई-ठाण्याच्या पावसात कोरडी पिन पुढच्या वेळी निघत नाही, म्हणून मी लावतो आणि अजून एकही त्याने सैल झालेली नाही. आता आधार देऊन ठोका किंवा दाबा, पलीकडे वायसर आणि नट बसेल एवढे आटे यायला हवेत. येत नसतील तर अजून घासायचं बाकी आहे. उलट पिन सरळ पार निघून जात असेल तर ती बारीक आहे किंवा ॲक्सलची खाच झिजलीय.

नट लहान पान्याने, मनगटाच्या जोरावर. मग दोन-तीन किलोमीटर चालवा, घरी येऊन परत एकदा दाबा, नट थोडा फिरेल, तेवढा फिरवा. २०-२५ किलोमीटरनंतर परत. मी उपवनहून येऊरच्या गेटपर्यंतचा चढ दोनदा मारतो, तिथे जो काही सैलपणा उरलाय तो लगेच बोलतो.

तरीही येतोय

पिन काढलेलीच असेल तेव्हा ॲक्सलची खाच उजेडात धरून बघा. कड चेचून गोल झालेली असेल, किंवा क्रँकचं भोक लांबट झालेलं असेल, तर नव्या पिना कितीही नीट घासल्या तरी महिनाभरच टिकणार. ॲक्सल बदला. क्रँकचं भोक गेलं असेल तर क्रँक बदला, वेल्डिंग भरून परत भोक पाडणं मी दोन जणांना करून बघितलेलं पाहिलंय, दोन्ही टिकली नाहीत, आणि क्रँक चढावर तुटला तर दात जमिनीवर आपटतात.

उजव्या क्रँकवर चेनव्हील जिथे दाबून बसवलेलं असतं तो सांधाही बघा, क्रँक घट्ट धरून चेनव्हील हाताने हलवा. हललं तर पूर्ण जोडच बदलावा लागतो.

छर्रे आणि कप, सगळ्यात शेवटी

चेन उतरवा, दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा. ढिला वाटला तर डावीकडची खाचांची रिंग सैल करून कप थोडा आत घ्या, ढिलेपणा गेला की किंचित मागे, आणि रिंग परत आवळा. छिन्नी-हातोडीने नाही, सी आकाराचा पाना मिळतो, तो घ्या. फिरवताना वाळू असल्यासारखं वाटलं तर खोलावं लागेल. सुटे छर्रे असतील तर प्रत्येक बाजूला पाव इंची ११. सगळे एकाच पाकिटातले घाला, जुने-नवे मिसळू नका, कारण एखादा केसभर मोठा असला तरी सगळा भार तोच घेतो आणि कपात चर पाडतो.

जुन्या सायकलींत इथे पाणी सीटच्या नळीतून उतरतं. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे ॲक्सल आणि छर्रे असलेल्या) डब्यावर बारीक तेलाचं भोक असतं, पत्र्याच्या क्लिपने झाकलेलं, रंगाखाली दबून गेलेलं असतं बऱ्याचदा. ते शोधा, मोकळं करा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी त्यातून थोडं तेल सोडायचं, या सायकली तेलावरच चालायला बनवल्यात.

नवा कप लागणार असेल तर आधी सायकल ओळखा, आणि इथे खूप जण फसतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींचे २४. रॅलेने हंबर कंपनी १९३२ मध्ये आणि रज (Rudge) कंपनी १९४३ मध्ये घेतली, त्यामुळे नंतरच्या हंबर आणि रजमध्येही २६ निघू शकतात. चेनव्हीलवर बगळ्याचं डोकं म्हणजे रॅले, हाताचा पंजा म्हणजे रज, अक्षरं असतील तर बीएसए, पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असेल तर हंबर. पण चेनव्हील बघून खरेदीला पळू नका, सत्तर वर्षांत ते तीनदा बदललेलं असतं, मी आसनसोलच्या सेन-रॅलेवर लुधियानाचा सेट बघितलाय. हबवर स्टर्मी-आर्चर या हब बनवणाऱ्या कंपनीचा ५८ असा आकडा दिसला तर तो हबचा साल आहे, १९५८, फ्रेमचा नाही. जुना कप आणि नवा कप आट्याला आटा लावून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत शेवटपर्यंत बसले तर माप तेच, मध्ये उजेड दिसायला लागला तर नाही. २४ चा कप २६ च्या फ्रेममध्ये दोन वेढे जातो आणि मग अडतो, तिथे पान्याला पाईप लावून जोर दिला की फ्रेमच गेली.

उजवीकडचा स्थिर कप उलट्या आट्यांचा असतो आणि तो मी घरी काढतच नाही. आत कापड घालून पुसतो, टॉर्च टाकून खड्डे आहेत का बघतो, नसतील तर तसाच ठेवतो. काढायचाच असेल तर ज्याच्याकडे त्याचा योग्य पाना आणि मोठा वाईस आहे त्याच्याकडेच.

आणि हे सगळं करताना डब्याभोवती, नळ्या जिथे जोडल्यात तिथे, रंगात केसासारखी रेघ दिसली तर बाकी काहीच करू नका. पुसून परत बघा, रेघेतून गंजाचं पाणी येतंय का बघा. येत असेल तर फ्रेम तडकलीय, आवाज तिचाच असू शकतो, आणि ती सायकल चालवत नेऊ नका, रिक्षात किंवा टेम्पोत घालून न्या. साधं वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका, या जुन्या फ्रेमचे सांधे पितळेने जोडलेले असतात, तेच काम येणारा माणूस शोधा, आणि काम सुरू करायच्या आधी त्याला आतल्या बाजूचे आटे झाकायला सांगा, कारण पितळ आत वाहिलं तर कप परत बसणार नाही.

ॲक्सल घ्यायला जाल तेव्हा जुना ॲक्सल, दोन्ही कप आणि घासून बसवलेल्या पिना, सगळं एका पिशवीत न्या. ॲक्सलच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि चेनव्हील दोन-तीन मिलिमीटर आत बसलं तरी ते चेनकव्हरला घासतं, म्हणजे पहिल्या परीक्षेवर परत.